बोनस धरून

बर्नम हेरन्स या क्लबच्या शर्यती दर शुक्रवारी संध्याकाळी व्हायच्या, आणि मैदानावर डॉक्टर हजर नसेल तर त्या सुरूच होत नसत. नियमच तसा होता. रायडर तयार, प्रेक्षक जागेवर, चिप्सच्या गाडीपुढे रांग, पण डॉक्टर ट्रॅफिकमध्ये अडकला असेल तर सगळं ठप्प. क्लबचे जुने डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा स्लाऊच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉ. पद्माकर देवस्थळींना एका सहकाऱ्याने गळ घातली. शुक्रवारी तीन तास नुसतं बसायचं असतं, चहा फुकट, असं त्याने सांगितलं. देवस्थळींनी हो म्हटलं. शुक्रवारी सुप्रभाबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, लायब्ररीत उशिराची पाळी असे. बारा वर्षांच्या शशिधरला घरी एकटं ठेवण्यापेक्षा डॉक्टर त्याला बरोबर नेऊ लागले. पुढे जे झालं त्याचं खापर सुप्रभाबाई कायम त्या फुकट चहावर फोडत आल्या.

शशीला तिथला वास सगळ्यात आधी आवडला. इंजिनं मेथनॉलवर चालायची आणि त्यात तेल एरंडेलाचं असायचं. जळलेल्या एरंडेलाचा तो गोडसर वास पहिल्याच दिवशी त्याच्या स्वेटरमध्ये मुरला, आणि सुप्रभाबाईंनी स्वेटर दारातच काढायला लावला. लहानपणी सांगलीला त्यांना नाक दाबून एरंडेल पाजलं जाई. तोच वास घ्यायला इंग्लंडात माणसं तिकीट काढून जातात, हे त्यांच्या गळी काही उतरेना.

१९८२ साली ए-लेव्हलची परीक्षा संपल्याबरोबर शशीने ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर नोकरी धरली आणि पहिल्या पगारांतून एक जुनी रेसिंग बाइक घेतली. युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरलेला होता, तो तसाच राहिला. देवस्थळींनी आठवडाभर अबोला धरला. मग एके दिवशी जेवताना म्हणाले, की निदान डॉक्टर तरी ओळखीचा आहे. परवानगी म्हणून शशीला एवढंच मिळालं, आणि तेवढं त्याला पुरलं.

वॉटफर्डच्या मराठी मंडळात दर गणपतीला आपला धंदा समजावून सांगणं हे त्याला शर्यतीपेक्षा कठीण जाई. त्याचं मराठी घरच्या घरी शिकलेलं होतं. वाक्यं छोटी, आणि त्यात पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा हिशेब कधी जुळला तर जुळला. सुप्रभाबाईंची मैत्रीण अनुराधामावशी दर वर्षी त्याच उत्साहाने विचारायची, की अरे, मोटारसायकलवरून काय पोचवतोस तू?

"काही नाही पोचवत, मावशी. रेस असते. ओव्हल ट्रॅक, वर रेड दगडाचा चुरा. चार रायडर्स, चार लॅप्स. सगळे टर्न्स लेफ्टला. बाइकला गिअर एकच, आणि ब्रेक नाही."

"ब्रेक नाही? मग थांबता कसे?"

"थांबायचं नसतं. वळायचं असतं."

वळायचं म्हणजे मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पुढचं उजवीकडे फिरवायचं आणि लोखंडी तळ जोडलेला डावा बूट जमिनीवर टेकवून गाडीला त्या घसरणीत तोलून धरायचं. हे त्याने एकदा गणपतीच्या आरासीपुढे खुर्ची तिरकी करून दाखवलं होतं. मावशीने शेवटी विचारलं, की मग तू पहिला येतोस का रे?

इथेच गोची होती. देवस्थळींचं घर असं, की त्यात दुसरा नंबर आला तर का आला ते सांगावं लागे. धाकटी बहीण मंजिरी फार्मसीच्या वर्गात पहिली आली होती. डॉक्टर स्वतः मिरजेच्या कॉलेजात पहिले आले होते आणि तो विषय निघाला नाही तर स्वतः काढत. शशी मात्र दुसरा यायचा. दहा वर्षं तो मनापासून, सफाईने आणि समाधानाने दुसरा येत राहिला.

त्याला कारण होतं. स्पीडवेमध्ये दर शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर असतात. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. एका संघाचे दोघंही पुढे आले तर पाच-एक, आणि सामने जिंकायचे ते अशा पाच-एकांवर. आता बहुतेक रायडरांना एकदा पुढे निघाल्यावर मागे कोण मेलं याची फिकीर नसते. शशीला ती होती. तो पुढे निघाला की खांद्यावरून मागे बघायचा, आपला जोडीदार कुठे अडकलाय ते हेरायचा, मग थ्रॉटल केसभर कमी करून मागे सरकायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत अगदी नियमात बसेल असा उभा राहायचा, जोडीदार आतून निसटेपर्यंत. ताशी साठ मैलांच्या वेगाने, ब्रेक नसलेल्या गाडीवर, मागे बघत मुद्दाम हळू होणं हे पुढे धावण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. हे काम सगळ्यांना येत नाही आणि ज्यांना येतं त्यांनाही ते करावंसं वाटत नाही.

त्याचा जोडीदार होता डीन, हेरन्सचा सगळ्यात वेगवान गडी. डीन पहिला, शशी दुसरा, असं दर शुक्रवारी दोन-तीनदा तरी व्हायचं. आपल्याच जोडीदाराच्या पाठोपाठ येणाऱ्याला एक बोनस गुण मिळतो. संघाच्या बेरजेत तो धरत नाहीत, पण रायडरच्या स्वतःच्या वार्षिक सरासरीत धरतात, कारण जोडीदाराला मागून हरवायचा प्रयत्न त्याने करू नये. शशीचं निम्मं करिअर त्या बोनसवर उभं होतं.

मैदानावर प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात कार्यक्रमपत्रिका आणि पेन असे. शर्यत संपली की लगेच चौकटीत गुण भरायचे, ही तिथली रीतच. आजोबा, बायका, शाळकरी पोरं, सगळे भरत. डॉ. देवस्थळीही भरत, औषधाच्या मात्रा लिहाव्यात तशा स्वच्छ अक्षरात. बोनस मात्र ते लिहीत नसत. त्यांच्या मते ते उत्तेजनार्थ बक्षीस होतं, आणि उत्तेजनार्थ बक्षिसं घरच्या भिंतीवर लावायची नसतात.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना १९९२चा ऑक्टोबर उजाडला.

स्पीडवेमध्ये एक विचित्र नियम होता. सगळे संघ सारख्या ताकदीचे राहावेत म्हणून दर हिवाळ्यात एक मर्यादा ठरे. संघातल्या सगळ्या रायडरांच्या सरासऱ्या मिळवल्या तर बेरीज त्या मर्यादेच्या आत बसली पाहिजे. म्हणजे एखादा रायडर सुधारला की तो आपल्याच क्लबला जड होतो. चांगले मार्क पडले म्हणून शाळेतून नाव काढावं, तसला प्रकार. त्यामुळे ऑक्टोबर आला की भल्याभल्यांच्या इंजिनांना अचानक खोकला होई. सगळ्यांना कळे, कुणी काही बोलत नसे.

शशीची त्या वर्षीची कामगिरी आजवरची सर्वांत चांगली होती आणि पंचाईत नेमकी त्यामुळेच झाली. शेवटच्या घरच्या सामन्याच्या आदल्या आठवड्यात नेव्हिलने, म्हणजे सोमवार ते गुरुवार कार्पेट विकणाऱ्या आणि शुक्रवारी संघ चालवणाऱ्या मॅनेजरने, त्याला व्हॅनच्या मागे नेऊन सगळं समजावलं. सामन्यात तीन किंवा चार शर्यती मिळतील. बोनस धरून आठ गुणांपर्यंत ठीक. नववा गुण झाला तर पुढच्या मार्चमध्ये हेरन्सच्या संघात शशी बसत नाही. मग डीनला सोडावं लागेल किंवा त्याला, आणि डीनला कोणी सोडणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

शशीला इथेच राहायचं होतं. यात गुंतागुंतीचं काही नव्हतं. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याची बायको रेखा मेडनहेडच्या शाळेत केमिस्ट्री शिकवत होती, आणि शुक्रवारी दुपारी वर्कशॉपचा फोरमन त्याला हळूच सोडत असे. मैदान घरापासून इतकं जवळ, की शर्यतीनंतर तो आईच्या हातचं गरम जेवत असे. तिथल्या दुसऱ्या वळणावर पावसानंतर कुठे चिकटतं आणि कुठे घसरतं ते त्याला चपलेतून कळायचं. अजून चार-पाच वर्षं तिथेच खेळावं आणि तिथूनच बूट काढून ठेवावेत, एवढीच त्याची इच्छा होती. दुसरे क्लब म्हणजे दूर उत्तरेतले. व्हॅनमध्ये झोपायचं आणि पेट्रोल पंपावरचं सँडविच खायचं.

घरी त्याने फोनवरून बाबांना आठ हा आकडा सांगितला. बोनस धरून हे वेगळं सांगायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याच्या जगात गुण म्हणजे बोनस धरूनच गुण.

शेवटचा सामना वेल्डनच्या संघाशी होता. त्या संघाने सहा वर्षं हेरन्सना त्यांच्याच घरात चोपलं होतं, आणि लोकांनी त्याचा डूख धरला होता. संध्याकाळी थंडी पडली, हवा कोरडी, ट्रॅक कडक. शशीने ठरवलं होतं, की आज जपून खेळायचं. पण जपून खेळणं त्याला कसं जमणार? पहिल्या शर्यतीत तो आणि डीन सगळ्यांच्या आधी वळणावर पोचले आणि हात आपोआप रोजच्यासारखे वागले. डीन पहिला, शशी दुसरा. पुढच्या शर्यतीत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने खरोखरच मागे राहायचं ठरवलं, पण समोरच्याची साखळी तुटली, आणि तो आपल्या दुसऱ्या एका जोडीदाराच्या मागोमाग तिसरा आला. दोन, दोन, एक. तिन्ही वेळा बोनस. आठ झाले.

शेवटची शर्यत उरली. वेल्डन दोन गुणांनी पुढे होतं. हेरन्सना जिंकायचं तर पाच-एक हवं होतं, त्याहून कमी चालणार नव्हतं. शेवटच्या शर्यतीत कोणाला उतरवायचं ते मॅनेजर निवडतो. डीन तर उतरणारच होता. त्याच्या जोडीला कोण, हा प्रश्न होता.

ट्रॅक्टर ट्रॅकवरचा लाल चुरा सारखा करत फेऱ्या मारत होता. तो बाहेर गेला की नाव द्यायचं. नेव्हिल शशीशेजारी येऊन टायरवर बसला आणि म्हणाला, की ट्रेव्हरला पाठवता येईल. ट्रेव्हर चांगला माणूस होता, पण त्या संध्याकाळी एकदाही त्याची गाडी सुरुवातीच्या रेषेवर आडव्या ताणलेल्या फितींखालून वेळेवर निघाली नव्हती. नेव्हिलला ते दिसत होतं. तो पुढे म्हणाला, की मी काहीच सांगणार नाही, तू ठरव, आणि नाही म्हणालास तर त्याबद्दल मी कधी तोंडही उघडणार नाही.

तेवढ्यात पिट्सच्या, म्हणजे रायडर गाड्या लावतात त्या आवाराच्या, दारातून डॉ. देवस्थळी आत आले. कोणी पडल्याशिवाय ते तिकडे कधी फिरकत नसत, त्यामुळे दोघा-तिघा रायडरांनी दचकून आजूबाजूला पाहिलं. डीनने तर कोण पडलं म्हणून विचारलं.

"कोणी नाही. मी मुलाला भेटायला आलोय," डॉक्टर म्हणाले, आणि शशीपुढे कार्यक्रमपत्रिका धरून मराठीत सुरू झाले. "हे बघ. दोन, दोन, एक. पाच. मी दोनदा मोजले. आठपर्यंत परवानगी आहे ना तुला? म्हणजे तीन शिल्लक आहेत. तू पहिला आलास तरी आठच होतात. एकही जास्त नाही."

शशीने कागदाकडे पाहिलं. स्वच्छ, सुटे, सुबक आकडे. त्यांच्याशेजारी बोनसचं काही नाही. तो एक क्षण गोंधळला आणि मग त्याला सगळं कळलं.

"आता ट्रेव्हरबिव्हर नको," डॉक्टर म्हणाले. थंडीने त्यांचं नाक लाल झालं होतं आणि डोळे चमकत होते. "तू जा. आणि एकदा पहिला येऊन दाखव की रे."

हे वाक्य ऐकण्यासाठी एखाद्या मुलाने दहा वर्षं वाट पाहिली असती. शशीने पाहिली नव्हती, कारण असं काही कधी कानावर पडेल असं त्याला वाटलंच नव्हतं. आठवडाभर अबोला धरणारा बाप, ट्रॅकच्या मध्यावर घडीच्या खुर्चीत बसून प्रत्येक वळणाला मूठ आवळणारा बाप, आज पिट्समध्ये येऊन जा म्हणत होता. शशीने फक्त तीन शब्द बोलायचे होते, की बाबा, बोनस धरतात. मग ते वरमले असते, नेव्हिलने ट्रेव्हरला खूण केली असती, आणि मार्चमध्ये शशी याच दारातून आत आला असता.

त्याने ट्रॅककडे पाहिलं. ट्रॅक्टर शेवटच्या वळणावर होता. डीन हातमोजे चढवत होता आणि शशीकडे बघतही नव्हता, कारण शशी येणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. शशीच्या मनात आलं, की इथे राहायचं म्हणजे इथे येऊन हेच तर करायचं. तेच आज करायचं नसेल, तर मार्चमध्ये इथे येऊन आपण करणार तरी काय?

"येस बाबा, जातो," तो म्हणाला, आणि हेल्मेट उचललं.

नेव्हिलने विचारलं, की हिशेब नीट ठाऊक आहे ना. शशी म्हणाला, ठाऊक आहे. नेव्हिलने एकदा डॉक्टरांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, एकदा शशीकडे, आणि पेनने नाव लिहून टाकलं.

डीन अगदी आतल्या बाजूला लाल हेल्मेटमध्ये, शशी तिसऱ्या जागेवर निळ्यात. मध्ये आणि बाहेर वेल्डनचे पांढरा आणि पिवळा. चारही इंजिनं एका सुरात ओरडू लागली. फिती उडाल्या आणि शशीचा डावा हात क्लचवरून त्याच क्षणी सुटला. अशी सुरुवात वर्षातून दोनदा साधते. पहिल्या वळणावर तो एकटाच होता. समोर रिकामा ट्रॅक, दिवे, आणि पलीकडे कठड्याला टेकलेली माणसांची रांग. पुढे कोणीच नसलं की हेल्मेटच्या काचेवर चुरा उडत नाही. इतकं स्वच्छ त्याला क्वचितच दिसलं होतं.

दुसऱ्या फेरीत त्याने मागे पाहिलं. पांढरा दुसरा. डीन त्याच्या मागे, आत दाबला गेलेला. पिवळा खूप मागे. शशी असाच पुढे राहिला तर तो पहिला, डीन तिसरा, सामना बरोबरीत. सरासरीच्या हिशेबात आता पहिला आला काय आणि डीनच्या मागे दुसरा आला काय, त्याचे तीनच होणार होते. आठाच्या आत राहण्याची वेळ निघून गेली होती. त्यामुळे डोकं कसं हलकं झालं होतं, आणि फक्त ट्रॅक उरला होता.

तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला त्याने थ्रॉटल जरासं सोडलं. इंजिनाचा सूर खाली आला. पांढऱ्याला वाटलं, निळ्याची गाडी दमली. बाहेरून मोठी जागा दिसत होती, म्हणून तो बाहेर वळला. शशीला हेच हवं होतं. तोही त्याच्यापुढे अर्धी गाडी ठेवून बाहेर सरकला, सरकत राहिला, आणि पांढऱ्याला घेऊन थेट कठड्याजवळच्या लांब वाटेवर गेला. आतली बाजू सताड उघडी पडली. तिथून डीन असा निघाला, की जणू कोणी दार उघडून धरलं होतं. शशीने पुन्हा थ्रॉटल पूर्ण उघडलं. शेवटची फेरी दोघं शेजारी शेजारी धावले, लाल आत, निळा बाहेर. मागचा पांढरा एकदा इकडून, एकदा तिकडून फट शोधत राहिला, आणि ती त्याला सापडली नाही. रेषेवर डीनचं चाक पुढे होतं.

पाच-एक. सामना हेरन्सचा.

त्यानंतर बराच वेळ गलक्यात कोणाला काही ऐकू येत नव्हतं. डीनने चालत्या गाडीवरून हात लांब करून शशीच्या पाठीत गुद्दा घातला. संघाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून सगळ्यांनी मैदानाला फेरी मारली, आणि अनोळखी माणसांनी शशीचा हात ओढून ओढून हलवला. पिट्समध्ये परतल्यावर नेव्हिल त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, की तू मूर्ख आहेस. मग त्याने त्याचा खांदा दाबला आणि बराच वेळ सोडला नाही.

डॉक्टर भेटले ते प्रथमोपचाराच्या खोलीत. रिकाम्या खाटेवर बॅग ठेवून ते आवरत होते. खुशीत होते, पण एक गोष्ट त्यांना खुपत होती.

"पहिला होतास की तू," ते म्हणाले. "चांगला पुढे होतास. मग सोडलंस का? गाडीत बिघाड झाला?"

"नाही बाबा. डीनला यायचा होता ना पुढे. नाहीतर ड्रॉ."

"हं. असो. तरी सातच झाले. एक गुण हातात ठेवून राहिलास. आता पुढच्या वर्षीचं नक्की."

शशी खाटेच्या कडेवर बसला. सांगणं भाग होतं, उद्या नेव्हिलकडून कळण्यापेक्षा बरं. त्याने आपल्या तुटक मराठीत सगळं सांगितलं, की बोनस सरासरीत धरतात, आणि आज तो चारही वेळा जोडीदाराच्या मागे आला होता. सात आणि चार, अकरा.

डॉक्टर उभेच राहिले. भूल देणारा माणूस आकड्यांवर जगतो. मात्रेत कधी दशांशाची चूक न केलेल्या त्या माणसाने कार्यक्रमपत्रिका पुन्हा उघडली, चौकटी पाहिल्या आणि मिटली.

"मी आत आलो तेव्हा तुझे आठ झालेले होते?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"माहीत होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

शशीने खांदे उडवले. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाले असते, नको जाऊ. मला जायचा होता. तुमचा गणित चुकला नाही, बाबा. तुम्ही फक्त माझे थोडे कमी धरले."

डॉक्टर खाली बसले, त्याच्या शेजारी. बाहेर कोणीतरी लाउडस्पीकरवरून लोकांना गाड्या सावकाश काढायला सांगत होतं.

"म्हणजे पहिल्यापासून कमीच धरत आलो," ते म्हणाले. "दहा वर्षं."

"थोडे," शशी म्हणाला.

"थोडे कसले. निम्मे." मग, तपासणी करताना विचारावं तशा सुरात, त्यांनी विचारलं, "ते मागे बघून हळू होतोस तेव्हा, पुढचं वळण कुठे आलं ते कसं कळतं?"

हा प्रश्न त्यांनी आजवर विचारला नव्हता. शशीने खाटेवरची चादर सारखी केली, त्यावर बोटाने ट्रॅक काढला आणि सांगू लागला. डॉक्टर मध्येमध्ये अडवून विचारत होते, की किती अंतर, किती कोन, पांढऱ्याने आतून यायचं ठरवलं असतं तर काय. अँब्युलन्सवाला दार वाजवून दोनदा डोकावून गेला. घरी सुप्रभाबाईंनी आमटी तिसऱ्यांदा गरम केली आणि दोघं आल्यावर विचारलं, की हरलात का जिंकलात. डॉक्टर म्हणाले की जिंकलो, पण पोराची नोकरी गेली, आणि वाढ आता. त्यावर त्या एकदम खाली बसल्या, मग सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, की तरी मी त्या चहाबद्दल सांगतच होते.

नोव्हेंबरात क्लबने शशीचं नाव सोडल्याचं रीतसर कळवलं. त्याला वाईट वाटलं. दोन-तीन शुक्रवार हात रिकामे असल्यासारखे वाटले, आणि त्याने विनाकारण घरातली सगळी दारं काढून बिजागऱ्यांना तेल घातलं. रेखाने त्याला तेल घालू दिलं. मग ख्रिसमसच्या आधी एक फोन आला. पार उत्तरेच्या डोंगरांमधल्या केल्डरशॉ नावाच्या गावातल्या क्लबचा मॅनेजर बोलत होता. त्याने सरासरीचा विषयच काढला नाही. आपल्याकडे दोन पोरं आहेत, वाऱ्यासारखी सुटतात आणि पहिल्याच वळणावर एकमेकांच्या अंगावर जातात, असं तो म्हणाला. त्यांना घेऊन येणारा कोणीतरी हवा होता. वेल्डनच्या मॅनेजरनेच त्याला शशीचं नाव सुचवलं होतं.

शशीने विचार करून सांगतो म्हटलं. रेखा समोर बसून वह्या तपासत होती. तिने मान वर न करता विचारलं, की सामने कुठल्या वारी असतात. रविवारी, असं कळल्यावर ती म्हणाली, की मग वह्या व्हॅनमध्येही तपासता येतील, फक्त पेट्रोल पंपावरचं सँडविच मी खाणार नाही, डबा घ्यायचा. एवढं बोलून ती पुढच्या वहीकडे वळली. शशीने फोन उचलला आणि हो सांगून टाकलं.

मार्चमधल्या पहिल्या सरावाला तिथे बोचरा वारा होता. ट्रॅक लांब, वळणं उघडी, कठड्यामागे हिरवी टेकडी आणि तिच्यावर मेंढ्या. गाडी उतरवण्याआधी शशी नव्या ट्रॅकवर पायी निघाला, टाचेने चुरा उकरत, कुठे खोल आहे आणि कुठे कडक ते बघत. ती दोन पोरं थोडा वेळ लांबून बघत राहिली, मग मागोमाग आली. धाकट्याच्या नाकावर ताजी जखम होती. तिसऱ्या वळणावर तो शशीच्या बरोबरीने चालू लागला. मग त्याने विचारलं, की पुढे निघाल्यावर मागे नेमकं कधी बघायचं.

"तू बघायचंच नाही," शशी म्हणाला. "तू सरळ पुढे जा. मागे मी बघेन."

पोराने मान हलवली. रेखा व्हॅनमधून चहाचा थर्मास घेऊन कठड्यापर्यंत आली होती. शशीने तिला अजून एक वळण बाकी आहे अशी खूण केली, आणि तिघं चौथ्या वळणाचा चुरा तपासायला पुढे निघाले.